केमोथेरपीतील रुग्णाची प्रसन्नता : मागावयाची की घडवावयाची?

केमोथेरपी चालू असलेले रुग्ण हल्ली आम्हा वैद्यांच्या चिकित्सालयांत नवे राहिलेले नाहीत. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात ते येतात. तोंडाला चव नाही, मुखपाक झाला आहे, मलावष्टंभ आहे, झोप नाही, या तक्रारी ते स्वतः सांगतात. आणखी एक गोष्ट मात्र रुग्ण उठून बाहेर गेल्यावर नातलग दाराशी थांबून हळू आवाजात सांगतात, "वैद्यराज, त्यांना जरा मन प्रसन्न ठेवायला सांगा ना. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." आधीच्या तक्रारींसाठी आम्ही ग्रंथ उघडतो, दोष-दूष्यांचा विचार करतो, कल्प ठरवितो. या शेवटच्या मागणीची बोळवण एका वाक्यात होते. रुग्णास परत आत बोलावून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही म्हणतो, "काळजी करू नका, आनंदी राहा, अर्धा रोग मनानेच बरा होतो." हे वाक्य आम्ही स्वतः पंधरा-सोळा वर्षे उच्चारीत आलो. आता उच्चारीत नाही. त्याचे कारण वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. वृत्तपत्रे केमोथेरपीस 'रसायनोपचार' म्हणतात. आमच्या शास्त्रात रसायन या संज्ञेचा अर्थ सर्वस्वी निराळा आहे. आणि च्यवनप्राश हेही रसायनच, तेव्हा सलाइनमधून घेण्यापेक्षा चमच्याने घेतलेले काय वाईट, असा युक्तिवाद करणारे एक सद्गृहस्थ आम्हास प्रत्यक्ष भेटले आहेत. म्हणून येथे केमोथेरपी हाच शब्द ठेविला आहे.

२०१८ साली आमच्या थोरल्या भगिनीस स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शस्त्रकर्मानंतर केमोथेरपी ठरली. प्रथम डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइड यांची दर एकवीस दिवसांनी एक अशी चार आवर्तने, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल. औषधयोजना तज्ज्ञांच्या हाती होती, ती उत्तम होती, तीत आम्हास करण्यासारखे काही नव्हते. घरातला वैद्य म्हणून मग आम्ही मनोबलाचे खाते स्वतःकडे घेतले. ताईच्या खोलीत सुविचारांचे फलक लावले. तिच्या मोबाइलवर विनोदी कथाकथनाच्या ध्वनिमुद्रिका भरून दिल्या. रुग्णालयात ती खाटेवर असली की दर दोन तासांनी आमचा दूरध्वनी, आणि त्याचा आरंभ ठरलेला, "काय गं, प्रसन्न ना?" तिकडून उत्तरही ठरलेले, "हो रे, मजेत."

दुसऱ्या आवर्तनानंतरच्या अकराव्या दिवशी, घरी असताना, संध्याकाळी ताईस हुडहुडी भरली. तिने तापमापक लावला. पारा १०१ अंशांवर गेला. ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक झाला तर वेळ न पाहता रुग्णालयात यावे, असे परिचारिकेने घरी पाठविताना बजावले होते, आणि ते ताईच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेले होते. तरीही ती गोधडी ओढून रात्रभर पडून राहिली. पहाटे भाच्याने कपाळास हात लावला तेव्हा चटका बसला. रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तदाब घसरला होता, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी ती वाचली.

वॉर्डात आणल्यावर आम्ही तिला विचारले, आदल्या संध्याकाळीच का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "अरे, तू इतका जीव तोडून मला हसती ठेवायला बघत होतास. ताप आलाय म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, सगळं वाया गेलं."

त्या उत्तराने आमची झोप उडविली. चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येक पादाचे चार गुण आपण सर्वांनी प्रथम वर्षातच पाठ केलेले असतात. रुग्णाचे गुण कोणते? स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. भिऊ नये हे जसे रुग्णाकडून अपेक्षित आहे, तसेच आपणास काय होत आहे ते त्याने सांगता यावे, हेही त्याच सूत्रात आहे. आम्ही तिसऱ्या गुणाचा असा हट्ट धरला की चौथा हिरावून घेतला. रुग्णाने हसतच राहावे, अशी अपेक्षा घरभर पसरली की वेदना, ताप, भीती, मळमळ ही सर्व त्याच्या दृष्टीने अपयशाची चिन्हे होतात, आणि अपयश कोण सांगत बसतो?

वाचकांनी यावरून असा अर्थ काढू नये की आम्ही मनाचे महत्त्व नाकारीत आहोत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना आहे, तीत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे, तर तृप्ती देणाऱ्यांमध्ये हर्षास. सत्त्वावजय ही तर चिकित्सेच्या तीन प्रकारांपैकी एक. प्रश्न एवढाच आहे की ही प्रसन्नता निर्माण करण्याचे काम शास्त्राने कोणावर सोपविले आहे.

याचे उत्तर सूत्रस्थानाच्या पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात सापडते. वमन-विरेचनासारखे शरीरास ढवळून काढणारे कर्म करण्यापूर्वी आतुरालय कसे सिद्ध करावे, याचे तेथे तपशीलवार वर्णन आहे. वारा थेट न येणारे परंतु हवा खेळती असलेले घर, धूर-धूळ नको, पाण्याची सोय, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानगृह, स्वयंपाकघर. मग माणसे. स्वयंपाकात कुशल, अंग रगडण्यात कुशल, रुग्णास उठविण्या-बसविण्यात कुशल. आणि याच यादीत, तितक्याच गंभीरपणे, गाणारे, वाद्ये वाजविणारे, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे सांगण्यात निपुण असे लोक. जवळ लावे, ससे, हरणे असावीत. दुभती, गरीब स्वभावाची, निरोगी, वासरू जिवंत असलेली गाय असावी. आम्ही हा अध्याय परीक्षेसाठी पाच-सहा वेळा वाचला असेल, पण कथा सांगणारा माणूस उखळाच्या आणि शौचकूपाच्या पंगतीत बसविला आहे, याचा अर्थ ताई आजारी पडेपर्यंत आमच्या ध्यानी आला नव्हता. मन रमविणे ही संभाराची बाब आहे. ती आधी जुळवावयाची, आणि जुळवावयाची ती वैद्याने व परिचारकाने. रुग्णाने सोबत काय आणावे, याच्या यादीत प्रसन्नतेचा उल्लेख नाही. सुश्रुतानेही व्रणिताच्या सेवेचा अध्याय लिहिताना, गोड बोलणारे, धीर देणारे सुहृद गोष्टी सांगून व्रणाच्या वेदना हलक्या करतात, असे सांगितले आहे. त्या वाक्याचा कर्ता सुहृद आहेत.

आणखी एक स्थळ विमानस्थानातील आठव्या अध्यायाचे. तेथे सत्त्वाची परीक्षा सांगितली आहे. प्रवरसत्त्व रुग्ण मोठ्या पीडेतही अविचल दिसतो. मध्यसत्त्व रुग्ण इतरांकडे पाहून स्वतःस सावरतो किंवा इतर त्यास सावरून धरतात. अवरसत्त्व रुग्णास दोन्ही साधत नाही. ही परीक्षा चिकित्सेची मात्रा ठरविण्याकरिता आहे. अवरसत्त्व असणे हा दोष म्हणून कोठेही नोंदविलेला नाही. आमच्या अनुभवात बहुतेक माणसे मध्यसत्त्व असतात, आम्ही स्वतःही. आपण मात्र प्रत्येकाकडून प्रवरसत्त्वाची मागणी करतो. १९७१ साली 'आनंद' हा चित्रपट आल्यापासून कर्करोगाच्या रुग्णाने कसे वागावे याचा एक आदर्शच जणू घरोघरी ठरून गेला आहे. चित्रपट सुंदर आहे, पण वॉर्डातील सर्वांनी राजेश खन्ना व्हावे, ही अपेक्षा क्रूर आहे.

"अर्धा रोग मनाने बरा होतो" या वाक्याचे आता काय करावे? आधुनिक संशोधनाचा दाखला आपणच अनेकदा देतो, तेव्हा तो पुरता द्यावा. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पिगेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ज्या स्त्रियांना आधारगटात नियमित बोलते केले, त्या अधिक काळ जगल्या, असे त्यात आढळले. या अभ्यासाचा बोलबाला फार झाला. २००१ साली पॅमेला गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग कॅनडात अधिक रुग्णांवर केला. आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र मनाची खिन्नता व वेदना कमी झाल्याचे दिसले. २००७ साली खुद्द स्पिगेल यांच्या पुनर्प्रयोगातही एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन व सहकाऱ्यांनी मस्तक व मान यांच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा भावनिक स्वास्थ्यावरून कोण किती जगेल, हे सांगता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे रडणारी बाई रडण्यामुळे लवकर जात नाही. हे वाक्य आम्ही आता रुग्णांना स्पष्ट शब्दांत सांगतो, आणि ते ऐकून जो सुटकेचा निःश्वास बाहेर पडतो, तो आमच्या आधीच्या सर्व उपदेशाने कधी पडला नव्हता. खिन्नता कमी होणे, वेदना कमी होणे, हे फळ लहान नाही. त्यावर आयुष्यवृद्धीचे आमिष लावण्याची गरज नाही.

त्या आजारपणानंतर आम्ही सुविचारांचे फलक काढले. पुढे जे केले त्यातील काही गोष्टी सहकाऱ्यांना उपयोगी पडाव्यात.

भीतीचा मोठा भाग अज्ञानातून येतो. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते, आणि ते दिल्यावर एक-दोन दिवस मूत्र लालसर येते. हे आधी न सांगितल्यास रुग्ण स्नानगृहात एकटा असताना रक्त समजून हबकतो. केस पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात, हे कळल्यावर ताईने आपण होऊन एका रविवारी वेणी कापून घेतली. उशीवर पुंजके पाहण्यापेक्षा ते तिला बरे वाटले. वांती रोखण्यासाठी बहुधा डेक्सामिथासोन देतात. त्या दिवसांत झोप उडते, अंगात उसने बळ येते, माणूस फार बोलतो. औषध थांबले की एक-दोन दिवसांत मन एकदम खाली बसते. हे मनाचे खाली बसणे औषधाचे आहे, आणि ते तीन-चार दिवसांत ओसरते, हे ठाऊक असणे व नसणे यांत फार अंतर आहे. ताई दिनदर्शिकेवर त्या दिवसांना पेन्सिलीने 'ढगाळ' असे लिहून ठेवी. त्या दिवशी तिला कोणी हसविण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, असा घरात नियम झाला.

दुसरी गोष्ट अन्नाची. केमोथेरपीच्या दिवशी रुग्णाचे मन रमावे म्हणून घरची मंडळी त्याच्या अत्यंत आवडीचा पदार्थ डब्यात घालून आणतात. हे चुकीचे आहे. १९७८ साली इलीन बर्नस्टीन यांनी केमोथेरपी घेणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, औषधापूर्वी दिलेल्या विशिष्ट चवीच्या आइस्क्रीमविषयी त्या मुलांना पुढे नावड निर्माण झाल्याचे दिसले. मळमळ आणि चव यांची गाठ मन परस्पर बांधते. आमच्या ताईच्या हातून पहिल्याच आवर्तनात आमटी-भात सुटला तो आजतागायत. आवडीचे पदार्थ बरे वाटणाऱ्या दिवसांसाठी राखावेत. औषधाच्या दिवशी पेज, मुगाचे कढण, असे साधे व थोडे द्यावे. याच न्यायाने काहींना रुग्णालयाच्या जिन्यातल्या वासानेच उमळून येते. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. तज्ज्ञांस सांगितल्यास त्यावर आदल्या रात्रीपासून औषध देता येते, पण सांगितले पाहिजे.

सोबतीच्या बाबतीत आम्ही काही करावे लागले नाही, ते वॉर्डानेच केले. दिवसभराच्या केमोथेरपीसाठी सहा खुर्च्या असलेली ती खोली. ताईच्या शेजारी एक भाजीविक्रेत्या बाई असत, त्यांचे पाचवे आवर्तन चालू होते. त्यांनी ताईस शिकविले की बर्फाचा खडा तोंडात कधी धरावा, कोणत्या हाताची शीर आज द्यावी, कोणत्या परिचारिकेची सुई दुखत नाही. आमच्या सर्व पदव्यांपेक्षा त्या बाईंच्या पाचव्या आवर्तनास तेथे अधिक मान होता, आणि तो योग्यच होता. इतरांकडे पाहून स्वतःस सावरणारा मध्यसत्त्व रुग्ण म्हणजे काय, ते आम्ही तेथे पाहिले.

आणि काम. तिसऱ्या आवर्तनाच्या वेळी ताईने शाळेतून चौथीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका मागविल्या. आम्ही विरोध केला, तिने जुमानले नाही. सलाइन डाव्या हाताला, लाल पेन उजव्या हातात. 'पाणी शुद्ध आहे हे कसे ओळखाल?' या प्रश्नावर एका मुलाने लिहिले होते, 'आधी शेजाऱ्यांना प्यायला द्यावे.' ताई इतकी हसली की परिचारिका धावत आली. तो कागद सहाही खुर्च्यांवरून फिरला. आमच्या ध्वनिमुद्रिकांनी जे महिनाभरात साधले नव्हते, ते त्या मुलाने एका ओळीत साधले. ताईने त्यास अर्धा गुण दिला.

आता आपल्या व्यवसायाविषयी दोन कठोर शब्द. ताईच्या जागी आमचाच एखादा रुग्ण त्या संध्याकाळी चिकित्सालयात आला असता, तर आम्ही ज्वर म्हणून नाडी पाहून सुदर्शन दिले असते की नाही? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दिले असते. केमोथेरपीच्या रुग्णाचा ताप, विशेषतः दुसऱ्या आठवड्यातील, हा आपल्या पेटीतील औषधाचा विषय नाही. कोणतेही ज्वरघ्न, पॅरासिटमॉलसुद्धा, परस्पर देऊन तो ताप झाकू नये. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा दंडक आहे, तेव्हा आपण गाडीची सोय करावी. पांढऱ्या पेशी व बिंबाणू उतरलेले असताना बस्ती देऊ नये, जळवा लावू नयेत. न शिजविलेली चूर्णे त्या काळात टाळावीत, आणि जे काही द्यावयाचे ते कर्करोगतज्ज्ञांस लेखी कळवूनच द्यावे. कित्येक वैद्यांना असे कळविणे कमीपणाचे वाटते. आम्हास एकदा एका तज्ज्ञाने चिठ्ठी वाचून फेकल्याचा अनुभव आहे. दुसऱ्या वेळी त्याच्याच सहकाऱ्याने दूरध्वनी करून आभार मानले.

"ते विष घेऊ नका" असे सांगून रुग्णास मध्येच थांबविणारे काही लोक आपल्यातही आहेत, हे लपवून उपयोग नाही. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आले. सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि त्यापासून इरिनोटेकान व टोपोटेकान तयार झाली. विष युक्तीने वापरल्यास औषध होते, हा सिद्धान्त तर आपलाच. अर्थात सदाफुलीची पाने चघळून व्हिन्क्रिस्टीनचे काम होत नाही, हेही येथेच नोंदवितो, कारण तसे करणारे रुग्णही येतात. औषधविक्रेत्या बंधूंना एक स्मरण द्यावेसे वाटते. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. 'कर्करोगावर खात्रीशीर' अशा मजकुराचा फलक दुकानात लावणे हा गुन्हा तर आहेच. पण त्याहून वाईट हे की तो फलक वाचणारा माणूस बहुधा दोन आवर्तनांच्या मधल्या 'ढगाळ' दिवसांत तुमच्या दारी उभा असतो.

खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस उरला नाही, मरणाचे बोलणे वारंवार येऊ लागले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. ब्राह्मी, जटामांसी यांवर विसंबून वाट पाहू नये.

ताईची केमोथेरपी २०१९ मध्ये पूर्ण झाली. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. आमच्या चिकित्सालयात तेव्हापासून केमोथेरपीच्या रुग्णाच्या केसपेपरवर सर्वांत वर त्याच्या वॉर्डाचा दूरध्वनी क्रमांक आणि शेवटच्या मात्रेची तारीख लिहितो. मेजावर तापमापक असतो. रुग्ण येऊन बसला की पहिला प्रश्न तापाचा, दुसरा झोपेचा, तिसरा "या आठवड्यात सर्वांत वाईट दिवस कोणता गेला?" असा. बहुतेक जण आधी नातलगांकडे पाहतात. तेव्हा आम्ही नातलगांना बाहेर औषध घेण्यास पाठवितो, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसतो.